बीज, ऋतू आणि मात्रा : प्रस्तावना

माळव्यातील धार आणि देवास ही संस्थाने पवार घराण्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारली. 1948 साली ती मध्यभारतात विलीन झाली, आणि तोवरच्या दोनशेहून अधिक वर्षांत दरबारी मसलतीला जे विषय पुन्हा पुन्हा आले त्यांत गादीच्या वारसाचा विषय पहिल्या मानाचा होता. धारच्या किल्ल्यात 1775 साली आनंदीबाईंच्या पोटी जन्मास आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने पुढे एकामागून एक लग्ने केली, तरीही अखेरीस 1827 साली नानासाहेबांना दत्तक घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही; आणि धारच्या मैनाबाईंनी पतिनिधनानंतर जन्मलेला आपला मुलगा बालपणीच गेल्यावर बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला व शिंदे-होळकरांच्या धामधुमीत राज्य हातचे जाऊ दिले नाही. पुढे डलहौसीच्या अमदानीत सातारा, झाशी आणि नागपूर ही राज्ये औरस संततीच्या अभावी खालसा झाली, आणि कॅनिंगने 1862 साली दत्तकाच्या सनदा देऊ केल्या तेव्हा कोठे संस्थानिकांच्या जिवात जीव आला. एका स्त्रीची कूस उजवते की नाही या प्रश्नावर लक्षावधी रयतेचे भवितव्य टांगलेले असे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दरबारातील कोणत्याही वैद्यापाशी खात्रीपूर्वक नसे.

राजवाड्याला निदान दत्तकविधानाची वाट मोकळी होती. परगण्यातल्या शेतकऱ्याच्या, पागेतल्या शिलेदाराच्या किंवा कचेरीतल्या कारकुनाच्या घरी मूल न झाल्यास त्याची जबाबदारी कसलीही चौकशी न होता पत्नीच्या माथी येई. तिच्यावर सवत येई, ओटी भरण्याच्या प्रसंगी तिला बाजूस बसविले जाई, आणि उरलेले आयुष्य ती नवस-सायास, उपास-तापास आणि अंगारे-धुपारे यांत घालवी. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन्ही देवींच्या दर्शनास आजही संतानाची आस धरून स्त्रिया चढतात, आणि तेथे उलटे स्वस्तिक काढून नवस बोलण्याची चाल आहे. धारेत कालिकामातेपुढे पदर पसरणाऱ्यांचीही वाण नाही. या श्रद्धेविषयी मला अनादर नाही. टेकडी चढल्याने कोणाची प्रकृती बिघडत नाही, आणि दुःखाचे ओझे कोणापुढे तरी उतरवून ठेवण्याची माणसाची गरज औषधाने भागत नाही. परंतु गेल्या साठ वर्षांत या दुःखावर एक खरे औषध उपलब्ध झाले आहे, आणि ते कोणत्या मात्रेत, कोणत्या चाचण्यांनंतर, किती महिने आणि कोणाच्या देखरेखीखाली घ्यावे यासंबंधीचे ज्ञान मात्र त्या औषधाइतके दूरवर पोचलेले नाही. प्रस्तुत ग्रंथ ही उणीव भरून काढण्यासाठी लिहिला गेला आहे. ग्रंथकर्त्रींनी धार व देवास या दोन्ही जिल्ह्यांत दीर्घकाळ स्त्रीरोगचिकित्सा केलेली असल्यामुळे त्यांच्या लेखणीला या मातीचा परिचय आहे.

विषयात प्रथमच प्रवेश करणाऱ्या वाचकासाठी त्याची पूर्वपीठिका थोडी विस्ताराने सांगणे इष्ट होईल. गर्भ राहण्यासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टींचा योग जुळावा लागतो, असे सुश्रुताने शारीरस्थानात सांगितले आहे. योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषक रस आणि सकस बीज यांपैकी एकाचीही उणीव असेल तर उरलेली तीन व्यर्थ होत, हा त्या विवेचनाचा गाभा असून तो आजच्या तपासणीच्या क्रमालाही विलक्षण जुळतो. धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर ‘राजमार्तंड’ नामक एक वैद्यकग्रंथ आहे, त्याअर्थी या नगरीला वैद्यकविद्येचे वावडे कधीच नव्हते. मात्र ऋतुकाळाचे नेमके गणित प्राचीनांना साधले नव्हते, आणि पाश्चात्त्यांनाही ते फार उशिरा साधले. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते, ही गोष्ट जपानमधील ओगिनो आणि ऑस्ट्रियातील क्नाउस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रस्थापित केली. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून मराठी वाचकाला संततिनियमनाचे शास्त्र सांगू लागले तो काळही हाच होता. मूल न होऊ देण्याचे शास्त्र अशा रीतीने मराठीत लवकर अवतरले. मूल होण्याचे शास्त्र मात्र दीर्घकाळ इंग्रजी पाठ्यपुस्तकांत आणि मोठ्या शहरांतील रुग्णालयांत अडकून पडले.

1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोघा डॉक्टरांनी सात स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या स्त्रियांची पाळी अनियमित किंवा बंद झाली होती आणि त्यांच्या बीजकोशांत लहान लहान पाण्याच्या गाठी दाटल्या होत्या. आज घरोघरी ‘पीसीओडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे ते पहिले सुस्पष्ट वर्णन होय. त्यावर त्यांचा उपाय होता तो बीजकोशाची पाचर कापून काढण्याचा. उपाय बहुधा फलदायी ठरे, पण त्यासाठी पोट उघडावे लागे. औषधाने बीज फुटू शकेल अशी आशा उत्पन्न झाली ती 1950 नंतर, आणि ती दोन निरनिराळ्या दिशांनी आली.

पहिली दिशा संप्रेरकांची. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ज्या संप्रेरकांच्या योगे बीजकोशाला कामास लावते, ती संप्रेरके बाहेरून देता आली तर बीज तयार होईल हा विचार सरळ होता. अडचण ती मिळवायची कोठून ही होती. स्वीडनमधील कार्ल गेम्झेल यांनी 1958 साली मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथींतून ती काढून वापरली. इटलीत पिएरो दोनिनी यांनी पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या मूत्रातून तीच संप्रेरके वेगळी केली, कारण त्या वयात शरीर ती मोठ्या प्रमाणात तयार करीत असते. आणि हे मूत्र वृद्ध ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रमांतून गोळा होत असे. ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या प्रयत्नाने या औषधामुळे झालेले पहिले मूल 1962 साली इस्राएलमध्ये जन्मले. ज्या व्रतस्थ स्त्रियांनी स्वतः मातृत्वाचा त्याग केला होता त्यांच्यामुळे अनोळखी स्त्रियांची कूस उजवली, या घटनेत मला वैद्यकाच्या इतिहासातील एक अत्यंत हृद्य योग दिसतो. मृतांच्या ग्रंथींपासून काढलेल्या औषधाचा शेवट मात्र दुःखद झाला: ऑस्ट्रेलियात काही स्त्रियांना त्यातून मेंदूच्या एका असाध्य रोगाची बाधा झाली आणि ती पद्धत सर्वत्र सोडून द्यावी लागली. प्रजननाचे औषध कोठून आले, कसे शुद्ध केले आणि त्याच्या परिणामांची नोंद किती वर्षे ठेवली, हे प्रश्न तेव्हापासून या शास्त्राच्या पाठीस लागले आहेत, आणि ते लागले हे योग्यच झाले.

दुसरी दिशा गोळीची. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका औषधी कंपनीच्या प्रयोगशाळेत 1956 च्या सुमारास क्लोमिफीन हे द्रव्य तयार झाले. रॉबर्ट ग्रीनब्लाट व त्यांचे सहकारी यांनी 1961 साली त्याने बीज फुटते हे जाहीर केले, आणि 1967 साली तेथे त्यास सरकारी मंजुरी मिळाली. हे द्रव्य मेंदूला असा भास करून देते की रक्तातील स्त्रीसंप्रेरक उणे पडले आहे. मग मेंदू पीयूषिकेमार्फत बीजकोशाला अधिक जोराचा हुकूम पाठवितो. इंजेक्शनाच्या मानाने गोळी स्वस्त, सोपी आणि पुष्कळ अंशी निर्धोक असल्यामुळे अर्धशतकभर तिचेच राज्य चालले.

या कथेत भारताचे स्थान केवळ औषध विकत घेणाऱ्याचे नव्हते. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने 3 ऑक्टोबर 1978 रोजी परीक्षानळीतून जन्मलेली मुलगी जगात आली. इंग्लंडमध्ये याच मार्गाने जन्मलेल्या पहिल्या मुलीच्या वेळी तेथील डॉक्टरांनी नैसर्गिक ऋतुचक्रातले एकच बीज वापरले होते. मुखर्जींनी मात्र मूत्रजन्य संप्रेरकांनी बीजकोश उद्दीपित करून बीजे मिळविली होती, आणि पुढे सर्व जगाने स्वीकारली ती हीच वाट. सरकारी चौकशी समितीने त्यांचे म्हणणे नामंजूर केले, बदलीने त्यांचे संशोधन थांबले, आणि 1981 च्या जूनमध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. 1986 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेल्या मुलीला दीर्घकाळ देशातील पहिली म्हणून मान मिळाला. त्या यशातील एक भागीदार डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच 1997 साली मुखर्जींची कागदपत्रे तपासून तो मान त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. ज्ञानापेक्षा अधिकाराचा अंमल मोठा झाला म्हणजे काय घडते याची खूण म्हणून मुखर्जींचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

लेट्रोझोलचा इतिहास याहून जवळचा आहे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक बोधप्रदही. स्तनांच्या कर्करोगावर वापरले जाणारे हे औषध स्त्रीसंप्रेरकाची निर्मितीच काही दिवस रोखते आणि त्यायोगे बीजकोशास चालना देते, हे कॅनडातील मितवाली व कॅस्पर यांनी 2001 साली दाखविले. 2005 साली एका परिषदेत, जेमतेम दीडशे मुलांच्या पाहणीवरून, या औषधामुळे जन्मजात व्यंगे वाढतात असा संशय मांडला गेला. दुसऱ्याच वर्षी 911 नवजात बालकांची पाहणी प्रसिद्ध झाली, आणि तीत लेट्रोझोल घेतलेल्या मातांच्या मुलांत व्यंगांचे प्रमाण 2.4 टक्के, तर क्लोमिफीन घेतलेल्यांच्या मुलांत 4.8 टक्के आढळले. म्हणजे संशयाला आधार उरला नाही. तथापि भारत सरकारने 2011 च्या ऑक्टोबरात वंध्यत्वासाठी लेट्रोझोलची निर्मिती व विक्री बंद केली. 2014 साली अमेरिकेत 750 स्त्रियांवर झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत पीसीओडी असलेल्या स्त्रियांपैकी लेट्रोझोलने 27.5 टक्के आणि क्लोमिफीनने 19.1 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले, आणि 2017 साली आपल्याकडील बंदी उठली. आज पीसीओडीवर हेच औषध प्रथम पसंतीचे मानले जाते. या प्रकरणात सरकारने सावध राहण्यात चूक केली असे मी म्हणणार नाही; अजाण अर्भकाच्या बाबतीत सावधपणा हा राज्यकर्त्याचा धर्मच आहे. पण पुरावा समोर आल्यावर निर्णय फिरविण्यास जी वर्षे लागली त्यांत कित्येक स्त्रियांचे वय निघून गेले, आणि या उपचारात वय हेच सर्वांत मोठे भांडवल असते.

येणेप्रमाणे औषधे हाती आली; ती वापरण्याच्या रीतीसंबंधी मात्र चिकित्सकांत आज तीन पंथ दिसतात. पहिला पंथ गोळीचा: पाळी अनियमित आहे ना, मग गोळी द्यावी आणि वाट पाहावी. दुसरा पंथ प्रथम शरीर सावरावे असे म्हणतो. स्थूल स्त्रीचे वजन शेकडा पाच ते दहा इतके जरी उतरले तरी पुष्कळदा बीज आपोआप फुटू लागते, थायरॉइडचा किंवा प्रोलॅक्टिनचा दोष दूर केल्यावर गोळीची गरजच उरत नाही, आणि मेटफॉर्मिनसारख्या औषधाचा काहींना आधार होतो. तिसरा पंथ काळाचा अपव्यय नको म्हणून थेट परीक्षानळीकडे नेणारा. या तिन्हींना आपापली जागा आहे. पस्तिशीच्या आतील जोडप्याने एक वर्ष आणि पस्तिशीपुढील स्त्रीने सहा महिने प्रयत्न करून तपासणीस यावे, हा सर्वमान्य संकेत. त्यानंतर कोणता पंथ धरावा हे कारणावर अवलंबून आहे, चिकित्सकाच्या सवयीवर नाही. माझा स्वतःचा कल दुसऱ्या पंथाकडे आहे, परंतु अडतीस वर्षांच्या स्त्रीला वजन उतरविण्यासाठी वर्षभर थांबवून ठेवणे हाही अन्यायच होय, आणि ग्रंथकर्त्रींनी या बाबतीत दाखविलेला समतोल मला मनापासून मान्य आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. बीज फोडणारे औषध धोक्याचे ठरते ते बहुतेक वेळा त्याच्या तीव्रतेमुळे नव्हे. ते अतिशय सोपे आहे म्हणून. रोज एक याप्रमाणे पाच दिवस पाच लहान गोळ्या, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांपैकी एखाद्या दिवसापासून. यात भिण्यासारखे काय आहे असे कोणालाही वाटावे. म्हणून ही गोळी जावेकडून जावेकडे जाते, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळते, आणि एका महिन्यात गुण आला नाही तर पुढच्या महिन्यात दोन घेतल्या जातात. वास्तविक हिची सुरक्षितता गोळीत नसून तिच्याभोवती करावयाच्या बंदोबस्तात आहे, आणि त्या बंदोबस्ताची पहिली पायरी पतीची वीर्यतपासणी ही होय. मूल न होण्यात पुरुषाचा वाटा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत असतो. ही तपासणी स्वस्त आहे, तिच्यात वेदना नाहीत, आणि तरीही ती सर्वांत शेवटी होते किंवा होतच नाही. पतीच्या वीर्यात दोष असता पत्नीला महिनोन्‌महिने गोळ्या देत राहणे हा वैद्यकीय प्रमाद तर आहेच, पण जुन्या काळी सवत आणण्यात जो अन्याय होता त्याचीच ती नवी आवृत्ती आहे. त्याचप्रमाणे गर्भनलिका बंद असतील तर बीज फुटूनही ते कोठे जाणार? आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षय हे नलिका बंद होण्याचे मोठे कारण आहे, आणि तो बहुधा खोकला-तापाविना गुपचूप येतो.

क्षयाचा उल्लेख आला म्हणून देवासकरांच्या जिव्हाळ्याची एक आठवण येथे नोंदवितो. 1948 साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि स्ट्रेप्टोमायसिन या त्या काळच्या नव्या औषधाने पुढे त्यांना पुनर्जन्म दिला. हे औषध मात्रा चुकल्यास श्रवणशक्ती हिरावून घेऊ शकते, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानी असते. एका गायकाच्या कानांना ज्यापासून भय, त्याच औषधाने त्याचा कंठ वाचविला. औषधाचे सामर्थ्य आणि औषधाचे भय यांची अशी एकत्र वस्ती असते, आणि त्यांना वेगळे ठेवते ती मात्रा आणि देखरेख.

औषध सुरू करण्यापूर्वी स्त्री आधीच गर्भवती नाही याची खात्री प्रत्येक महिन्यात करून घ्यावी लागते, कारण गर्भारपणाच्या आरंभी होणाऱ्या अल्प रक्तस्रावालाच पाळी समजून गोळी घेतली गेल्याची उदाहरणे चिकित्सकांना ठाऊक आहेत. लेट्रोझोल शरीरातून काही दिवसांत निघून जाते, म्हणून वेळेवर घेतल्यास गर्भ रुजण्याच्या सुमारास त्याचा अंश उरत नाही. क्लोमिफीनचा काही भाग मात्र आठवडे रेंगाळतो. मात्रा नेहमी लहानात लहान घेऊन आरंभ करावयाचा: क्लोमिफीनच्या बाबतीत दिवसाला 50 मिलिग्रॅम, लेट्रोझोलच्या बाबतीत 2.5 मिलिग्रॅम. बीज फुटत असेल तर मात्रा वाढविण्यात काही लाभ नाही, ही साधी गोष्ट किती जणांना सांगितली जाते याची मला शंका आहे. क्लोमिफीनने शंभरांपैकी सत्तर-ऐंशी स्त्रियांचे बीज फुटते, दिवस राहतात त्याहून पुष्कळ कमी जणींना. कारण तेच औषध काही जणींत गर्भाशयाचे अस्तर पातळ करते, आणि वाढीव मात्रा ते अधिकच पातळ करील. दृष्टी अंधुक होणे, डोळ्यांपुढे चमक दिसणे ही लक्षणे आढळली तर गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. उद्या पाहू असे म्हणू नये. सहा ऋतुचक्रांत यश आले नाही तर त्याच गोळीचा हट्ट सोडावा. बारा चक्रांहून अधिक काळ ती घेणाऱ्यांत बीजकोशाच्या गाठींचा धोका वाढत असावा असा संशय 1994 सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने उपस्थित केला. पुढील अभ्यासांनी त्यास पुष्टी दिली नाही, पण हद्द घालण्याचा शहाणपणा त्यातून रूढ झाला तो हितकारकच आहे.

एकाहून अधिक गर्भ राहणे हा या उपचारातील खरा मोठा धोका होय, आणि समाज त्याकडे धोका म्हणून पाहतच नाही. जुळे झाले म्हणजे दुप्पट आनंद अशी समजूत आहे. क्लोमिफीनने गर्भ राहिलेल्या स्त्रियांत जुळ्यांचे प्रमाण शंभरांत सात-आठांच्या आसपास असते, इंजेक्शनांनी ते बरेच वाढते. 1997 साली अमेरिकेतील आयोवा प्रांतात संप्रेरकाच्या इंजेक्शनांनंतर एका मातेस एकाच वेळी सात मुले झाली आणि ती सर्व जगली, याची वार्ता जगभर गाजली. पण तिळी-चौळी मुले अकाली, अल्पवजनी जन्मतात, कित्येक जगत नाहीत, आणि जगणाऱ्यांपैकी काहींना आयुष्यभराचे अपंगत्व येते, याची वार्ता होत नाही. यावर उपाय एकच: सोनोग्राफीने बीजकोशातील पुटिका मोजणे. पुटिका दररोज सुमारे दोन मिलिमीटर वाढते, अठरा ते वीस मिलिमीटरला पक्व होते. पक्व पुटिका दोन-तीनांहून अधिक दिसल्या तर बीज सोडविण्याचे इंजेक्शन देऊ नये आणि त्या महिन्यात पतिपत्नींनी संबंध टाळावा. हातातोंडाशी आलेला महिना असा सोडून देणे जोडप्याला अतिशय कठीण जाते, आणि ते पटवून देणे हेच डॉक्टरच्या कौशल्याचे व सचोटीचे लक्षण आहे.

इंजेक्शनांच्या उपचारात बीजकोश अतिउद्दीपित होण्याची आणखी एक भीती असते. रक्तवाहिन्यांतील द्रव पाझरून पोटात साठतो, रक्त दाट होते आणि गुठळ्या होण्याचा संभव वाढतो. पोट झपाट्याने फुगणे, एक-दोन दिवसांत वजन वाढणे, सतत उलट्या, लघवी कमी होणे, श्वास लागणे, पाय एकीकडे सुजून दुखणे ही तिची लक्षणे. आणि ती बहुधा इंजेक्शनानंतर काही दिवसांनी, म्हणजे स्त्री घरी परतल्यावर दिसतात. धार जिल्ह्याच्या भिल्ल वस्तीत सिकल-सेलचा विकार आढळतो, आणि अशा स्त्रीत रक्त गोठण्याचे भय आधीच अधिक असते. तिच्या बाबतीत सिकल-सेलची तपासणी केल्यावाचून इंजेक्शनांस हात घालणे मला अक्षम्य वाटते.

या भागाची विशेष अडचण अंतराची आहे. देवासहून इंदूर सुमारे चाळीस किलोमीटर, धारहून साठांच्या वर, आणि कुक्षी-मनावरकडील गावांहून याच्या कितीतरी पुढे. पुटिका मोजण्यासाठी एका महिन्यात तीन-चार वेळा इंदूर गाठावे लागले तर मजुरी बुडते, बसभाडे पडते, सासरी कारण सांगावे लागते. मग तिसऱ्या खेपेस बाई जात नाही, आणि नेमकी तीच खेप महत्त्वाची असते. धार जिल्ह्यातीलच पीथमपूरला आणि देवासच्या औद्योगिक वसाहतीत मोठे औषधी कारखाने आहेत. देशभर जाणारी औषधे येथे तयार होतात, आणि येथील स्त्रीला गोळी कधी थांबवायची हे सांगणारे कोणी नसते. क्लोमिफीनच्या वेष्टनावर तांबड्या रेषेसह चिठ्ठीवाचून विक्रीस मनाई छापलेली असते. ती मनाई गावच्या दुकानात कितपत पाळली जाते हे सर्वांस ठाऊक आहे. त्यातच मुलगाच व्हावा म्हणून पुड्या विकणारे लोक अजून फिरतात. 1994 च्या कायद्याने गर्भलिंगनिवडीची जाहिरातही गुन्हा ठरविली आहे, आणि त्या पुड्यांत काय असते याचा जाबता कोठेही नसतो. गर्भधारणेच्या सुमारास त्या घेणे म्हणजे होणाऱ्या मुलाच्या अंगाशी खेळणे होय.

हा ग्रंथ आजच का हवा, याचे उत्तर यातच बहुतांशी आले. लग्ने उशिरा होऊ लागली, मुलींत पीसीओडीचे निदान वाढले, लहान शहरांतही वंध्यत्वोपचाराचे फलक लागले. 2021 साली संसदेने सहायित प्रजननाचा कायदा केला व परीक्षानळी केंद्रांना नोंदणीचे बंधन घातले. परंतु बीज किंवा वीर्य शरीराबाहेर हाताळले जाते तेथेच त्या कायद्याचा अंमल सुरू होतो, केवळ गोळी देणारा त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे ज्या टप्प्यावर सर्वाधिक स्त्रिया असतात तोच टप्पा मोकळा राहिला. तेथे कायद्याची जागा रुग्णाच्या स्वतःच्या जाणतेपणाने भरून काढणे एवढेच तूर्त शक्य आहे.

ग्रंथकर्त्रींनी नेमके तेच हाती घेतले आहे. डॉक्टरची जागा घेणारे हे पुस्तक नव्हे. मात्रा वाचून दुकानात जाण्यासाठी ते कोणी वापरू नये, असे त्यांनी जागोजागी बजावले आहे. डॉक्टरसमोर बसलेल्या स्त्रीने काय विचारावे, कोणता कागद मागून घ्यावा, कोणत्या लक्षणाला रात्री-अपरात्रीही निघावे, आणि तिच्या पतीने व सासूने काय समजून घ्यावे, हे त्यांनी सांगितले आहे. प्रकृतीच्या भेदानुसार उदाहरणे घेऊन त्यांनी मांडणी केली, त्यामुळे ज्यांच्या बीजकोशांतील बीजांचा साठाच संपत आला आहे अशा स्त्रियांना गोळ्यांनी व्यर्थ झिजविले जाऊ नये, हा दुर्लक्षित मुद्दा ठळक झाला आहे. अशा स्त्रीला खरे सांगणे निर्दय वाटते, पण न सांगण्याने तिची दोन वर्षे जातात. माळव्यात आज मराठी घरे थोडी उरली असताना हे लेखन मराठीत का, असे कोणी विचारील. त्यांचे उत्तर असे की रुग्णांशी त्या माळवीत व हिंदीत बोलत आल्या, परंतु मर्यादेने व स्पष्टपणे शरीराविषयी लिहिण्याची भाषा त्यांना आईच्या घरी मराठीत मिळाली. हिंदी आवृत्तीचे कामही त्यांनी आरंभिले आहे.

एका गोष्टीबाबत माझा त्यांच्याशी मतभेद आहे. प्रत्येक चक्रात सोनोग्राफी झालीच पाहिजे असा त्यांचा आग्रह आहे. गोळीच्या उपचारात निदान पहिल्या चक्रात ती अनिवार्य मानावी आणि पुढे मात्रा बदलली तरच पुन्हा करावी, म्हणजे मनावरच्या बाईला उपचार परवडेल, असे मला वाटते. इंजेक्शनांच्या बाबतीत मात्र तडजोडीस जागा नाही, याविषयी आमचे एकमत आहे. परीक्षानळीचा विषय त्यांनी जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे, कारण त्यास स्वतंत्र ग्रंथ लागेल. शेवटच्या पानांवर सहा महिन्यांचे कोरे तक्ते जोडले आहेत: पाळीचा पहिला दिवस, गोळीचे नाव व मात्रा, पुटिकांची मापे, गर्भचाचणीचा निकाल आणि काही त्रास झाला असल्यास त्याची नोंद. हे तक्ते पेन्सिलीने भरावेत आणि डॉक्टर बदलला तरी पुस्तक सोबत न्यावे, अशी विनंती ग्रंथकर्त्रींच्या वतीने मी येथे करतो. सातवा तक्ता त्यात नाही, तो मुद्दामच ठेवलेला नाही.